गरम पाण्याचा नळ

बत्तीस वर्षे मी अभियांत्रिकी महाविद्यालयात 'कंट्रोल सिस्टिम्स' हा विषय शिकवला. पहिल्या तासाला मुलांना विचारायचो, "आंघोळीला गीझरचा नळ कसा सोडता?" वर्ग हसायचा. मग सांगायचो, पाइपातले गार पाणी संपेपर्यंत गरम पाणी येत नाही. उतावळा माणूस नळ आणखी सोडतो आणि भाजून घेतो. घाबरून बंद करतो, तर पुन्हा कुडकुडतो. जिथे परिणाम उशिरा दिसतो, तिथे हात जपून चालवावा, हा आमच्या विषयाचा पहिला धडा.

दुसरा धडा रुडॉल्फ काल्मन यांचा. १९३० साली बुडापेस्टला जन्मलेला हा माणूस अमेरिकेत एमआयटी आणि कोलंबिया विद्यापीठात शिकला. पुढे स्टॅनफर्ड, फ्लॉरिडा आणि झुरिक येथे प्राध्यापक झाला. २०१६ साली ते गेले. १९६० सालच्या त्यांच्या निबंधातली कल्पना घरगुती भाषेत सांगता येते. आपला अंदाज पुरता खरा नसतो आणि मोजमापही पुरते खरे नसते. कशात किती चूक असू शकते ते पाहून दोन्हींवर बेताने विश्वास ठेवायचा आणि नवे मोजमाप हाती आले की अंदाज सुधारायचा. चंद्राकडे निघालेल्या अपोलो यानांचा मार्ग ठरवताना हेच गणित कामी आले.

हे सारे मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होतो. एका वर्षी एका मुलाला चाचणीत वीसपैकी दोन गुण मिळाले. पेपर वर्गासमोर धरून मी म्हणालो, "हे तुझं काम नाही. गावी जा." मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून शेवटच्या बाकावर बसू लागला.

वीसएक वर्षांनी तो घरी आला, बारावीतल्या मुलीला घेऊन. एका साखर कारखान्यात बॉयलरचे इन्स्ट्रुमेंटेशन सांभाळतो म्हणाला. "सर, पाण्याची पातळी हलली की नवी पोरं लगेच व्हॉल्व्ह फिरवतात. मी त्यांना तुमच्या नळाची गोष्ट सांगतो."

मला बरे वाटले. मग न राहवून त्या चाचणीचे विचारले.

"वडिलांचं ऑपरेशन होतं मिरजेला. चार रात्री दवाखान्यातच होतो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत, सर."

आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागले. एक चाचणी म्हणजे एक मोजमाप, आणि मी तेवढ्यावर मुलगा मोजून मोकळा झालो होतो. माझ्या हातून किती नळ असे फिरले असतील, कोण जाणे. सगळेच काही परत येऊन सांगत नाहीत.

मुलीने सल्ल्यासाठी गुणपत्रिका पुढे केली. गुण जेमतेम असावेत, कारण तिची मान खाली होती. मी कागद न उघडता बाजूला ठेवला.

"हे नंतर बघू. आधी तुझं सांग. तुला काय करायला आवडतं?"