पिकअपचे पाटे: निवड आणि निगा

पिकअप ट्रकच्या मागच्या बाजूचे सगळे ओझे पोलादी पाट्यांच्या दोन जुड्यांवर असते, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. प्रत्येक जुडीतला सर्वांत लांब पट्टा म्हणजे मुख्य पाटा. त्याची दोन्ही टोके गोल वळवलेली असतात आणि त्या डोळ्यांत बुश बसतात. पुढचा डोळा चासीला पिनने जखडलेला असतो. मागचा डोळा शॅकल नावाच्या झुलत्या दुव्यात अडकवतात. ओझे आले की कमान सपाट होते, तिची लांबी किंचित वाढते आणि शॅकल मागे झुकून त्या वाढीला जागा देतो. मुख्य पाट्याखालचे पाटे क्रमाने आखूड होत जातात. सगळे मिळून एका सेंटर बोल्टवर ओवलेले आणि यू-बोल्टांनी ॲक्सलवर आवळलेले असतात. लंडनमधील घोडागाड्या बांधणारा कारागीर ओबादाया एलियट याने १८०४ मध्ये अशा कमानींचे पेटंट घेतले. पुढे बहुतेक मोटारींनी गुंडाळीच्या स्प्रिंगा स्वीकारल्या, पण पिकअप पाट्यांवरच राहिली. त्याला कारण आहे. पाटे ओझे तर पेलतातच, शिवाय ॲक्सल पुढे-मागे किंवा आडवा सरकू नये हे कामही तेच करतात. त्यासाठी वेगळे दांडे लागत नाहीत, आणि भार चासीवर एका जागी न पडता दोन टोकांत वाटला जातो.

कंपनीने दिलेले पाटे ही एक तडजोड असते. तीच गाडी रिकामी धावणार आणि तीच जवळपास टनभर माल घेऊनही धावणार. पाटा ओझ्याखाली जितका दबतो, त्यावर गाडीचा हेलकावा ठरतो. रिकाम्या गाडीच्या वजनाने पाटा ६ सेंमी दबत असेल, तर गाडीची मागची बाजू सेकंदाला सुमारे २ वेळा वरखाली होते. माल भरून तो १२ सेंमी दबला, की हा वेग सुमारे १.४ वर येतो. माणसाच्या शरीराला सेकंदाला एक ते दीड हेलकावा सुसह्य वाटतो. रिकामी पिकअप खड्ड्यांतून उसळते आणि भरलेली शांत चालते, ती यामुळेच.

कायमचे सामान बसवले की ही तडजोड मोडते. याचे सर्वांत ठळक उदाहरण ऑस्ट्रेलियात दिसते. तिथे पिकअपला ‘यूट’ म्हणतात. लांबच्या प्रवासासाठी तिच्यावर बंद पेटी, पाण्याची टाकी, जास्तीचे डिझेल, फ्रिज, बॅटऱ्या, विंच आणि दोन सुटी चाके चढतात. हे वजन मालासारखे उतरत नाही, वर्षभर पाट्यांवर बसून राहते. साहजिकच बदली पाट्यांचा धंदा तिथे मोठा झाला. मेलबर्नमध्ये १९७५ साली सुरू झालेल्या ‘एआरबी’ कंपनीच्या ‘ओल्ड मॅन ईमू’ या मालिकेत एकाच गाडीसाठी कायमच्या ओझ्यानुसार वेगवेगळे पाटे मिळतात. निवडीची ही पद्धत योग्य आहे. बदली पाटे घेणारे बहुतेक लोक मात्र उंचीपासून सुरुवात करतात: गाडी किती उचलली जाईल, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. पहिला प्रश्न वजनाचा असायला हवा. रोजच्या वापरातले सगळे सामान, भरलेल्या टाक्या आणि नेहमीचे प्रवासी यांच्यासह गाडी वजनकाट्यावर न्यावी, पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचे वजन वेगवेगळे घ्यावे आणि ते आकडे हाती घेऊनच दुकानात जावे. अंदाज जवळजवळ नेहमी कमी भरतो. ८० लिटर पाणी म्हणजे ८० किलो, आणि तितक्याच डिझेलचे सुमारे ६७ किलो.

पाट्याचा कडकपणा कशावर ठरतो, हे तुळईच्या जुन्या गणितातून कळते. पाट्यांची संख्या आणि रुंदी ज्या प्रमाणात वाढेल, त्याच प्रमाणात कडकपणा वाढतो. जाडीचा परिणाम मात्र घनाच्या प्रमाणात होतो आणि लांबीचा त्याच घनाने उलटा. उदाहरणादाखल १२० सेंमी लांब, ६ सेंमी रुंद आणि ७ मिमी जाड असे चार पाटे घ्यावेत. अशा जुडीवर १०० किलो ठेवले तर ती सुमारे ३.९ सेंमी दबते. त्याच मापाचा पाचवा पाटा घातला तर दाब ३.१ सेंमीवर येतो. पाटे चारच ठेवून जाडी फक्त १ मिमीने वाढवली, तर तो थेट २.६ सेंमी होतो. एका मिलिमीटरने कडकपणा जवळपास दीडपट! दुकानात दोन जुड्या शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना फरक जाणवत नाही. म्हणून व्हर्नियर कॅलिपरने जाडी मोजून घेण्यात काही कमीपणा नाही.

या हिशेबाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. ८ मिमीचे चार पाटे आणि ७ मिमीचे सहा पाटे यांचा कडकपणा जवळजवळ सारखाच भरतो. पण खडकाळ वाटेवर एक चाक वर आणि दुसरे खाली जाते, तेव्हा पाटा खूप वाकतो. आणि तेवढ्याच वाकण्यात जाड पाट्याच्या पृष्ठभागावर १४ टक्के जास्त ताण येतो. म्हणजे चाकांना भरपूर चाल हवी असेल, तर पातळ आणि जास्त पाट्यांची जुडी अधिक टिकते. तिचे वजन जास्त असते आणि पाटे एकमेकांवर घासतातही जास्त, ही त्याची किंमत. पॅराबोलिक पाटे हा आणखी एक मार्ग आहे. ते मधोमध जाड आणि टोकांकडे निमुळते असतात, त्यामुळे लांबीभर ताण सारखा वाटला जातो आणि दोन-तीन पाट्यांत काम भागते. ते मधल्या आवळलेल्या भागात आणि टोकांनाच टेकतात, म्हणून घर्षण फार कमी होते. चाल मऊ होते. पण घर्षणामुळे आपोआप मिळणारा आवरही जातो, आणि ती जबाबदारी पूर्णपणे शॉक ॲबसॉर्बरवर येते.

ओझे कधी असते, कधी नसते अशा गाडीला दोन टप्प्यांची जुडी बरी. तिच्यात तळाचे हेल्पर पाटे वरच्यांपासून सुटे असतात आणि भार वाढल्यावरच कामाला लागतात. रोज रिकामी फिरणाऱ्या गाडीला ३०० किलो कायमच्या ओझ्याचे पाटे बसवले, तर ती आधीपेक्षा वाईट चालेल. मागची चाके खडबडीत जागी जमीन सोडतील आणि ब्रेक लावताना पकड जाईल.

‘आमचे पोलाद जास्त कडक’ असा दावा विक्रेते करतात, त्यात गोंधळ आहे. कुठल्याही पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक जवळपास सारखाच, सुमारे २०० गिगापास्कल असतो. एकाच मापाचे पाटे साध्या पोलादाचे केले काय किंवा उंची क्रोम-व्हॅनेडियम पोलादाचे केले काय, त्याच ओझ्याखाली ते तितकेच दबतील. फरक पडतो तो पाटा कायमचा बसण्याआधी किती ताण सोसतो यात. क्रोमियम, सिलिकॉन किंवा व्हॅनेडियम मिसळलेले पोलाद लालभडक तापवून तेलात विझवतात आणि मग मध्यम तापमानाला पुन्हा शेकतात. ही उष्णताप्रक्रिया नीट झाली असेल, तर पाटा वर्षानुवर्षे आपली कमान राखतो. चांगल्या पाट्यांवर बारीक पोलादी गोळ्यांचा माराही केलेला असतो. त्याने पृष्ठभागाचा थर दाबाखाली येतो आणि तडा उघडायला आधी तो दाब ओलांडावा लागतो.

तडा हाच पाट्याचा खरा शत्रू. एका धक्क्याने पाटा क्वचित तुटतो. तो थकून तुटतो. आउगुस्ट व्योलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात प्रशियाच्या रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून दाखवले, की धातू आपल्या बळापेक्षा पुष्कळ कमी ताणही लाखो वेळा आला तर तुटतो. ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली प्रदेशातला गिब रिव्हर रोड सुमारे ६६० किमीचा आहे. त्याच्या कच्च्या भागावर ठरावीक अंतराने आडव्या लाटा उमटलेल्या असतात. लाटांमध्ये ७० सेंमी अंतर धरले, तर दर किलोमीटरला चौदाशेहून अधिक धक्के बसतात. ताशी ६० किमी वेगाने हे सेकंदाला २४ धक्के होतात. अशा रस्त्यावर टायरमधली हवा कमी करणे ही पाट्यांची सर्वांत स्वस्त काळजी आहे. शॉक ॲबसॉर्बरही इथे तापून सैल पडतात. पाटे दीडपट कडक केले असतील, तर तितकाच आवर राखायला शॉकचा रोधही सुमारे २२ टक्क्यांनी वाढायला हवा. म्हणून पाट्यांबरोबर त्यांना जुळणारे शॉकही घ्यावेत.

उंचीला आपल्या मर्यादा आहेत. गाडी ५ सेंमी उचलली तरी प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो, ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात आणि पुढचा भाग जुळवून घ्यावा लागतो. काही पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला दांड्याने जोडलेला ब्रेक व्हॉल्व्ह असतो, आणि पाटा किती दबला यावरून तो मागच्या ब्रेकचा जोर ठरवतो. गाडी उचलल्यावर त्याला भरलेली गाडीही रिकामी भासते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. तो नव्याने जुळवून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये. पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये ठोकळा घालून उंची मिळवणे हा सर्वांत वाईट मार्ग. जोरात गती देताना ॲक्सल स्वतःभोवती पिळतो आणि पाट्याला इंग्रजी ‘एस’चा आकार येतो; ठोकळ्याने हा पीळ आणखी वाढतो.

पाटे बदलल्याने गाडीची वजनमर्यादा वाढत नाही. चासी, ॲक्सल, बेअरिंग आणि ब्रेक तेच राहतात. मागच्या ॲक्सलच्याही पलीकडे जड सामान लादलेल्या यूटची चासी वाकल्याचे प्रकार ऑस्ट्रेलियात घडले आहेत. कडक पाट्यांमुळे मागचा भाग खाली बसलेला दिसत नाही, आणि धोक्याची खूणच नाहीशी होते. तिथे मान्यताप्राप्त संच बसवून एकूण वजनमर्यादा अधिकृतपणे वाढवून घेता येते. भारतात टोयोटा हायलक्स, इसुझू व्ही-क्रॉस आणि महिंद्राची बोलेरो पिकअप या गाड्या मागे पाट्यांवरच आहेत. इथे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ पाहावे लागते: नोंदणीपुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल चालत नाही. पाटे घेण्याआधी परिवहन कार्यालयात विचारून घेणे शहाणपणाचे.

बसवतानाच्या चुका पुढे महाग पडतात. यू-बोल्ट आवळताना ताणले जातात, म्हणून जुने पुन्हा वापरू नयेत. नवे पाटे जागेवर बसतात तसे यू-बोल्ट सैलही होतात. पहिल्या ५०० ते १,००० किमीनंतर टॉर्क पान्याने पुन्हा आवळावेत. सैल यू-बोल्टांमुळे सगळा भार सेंटर बोल्टवर येतो. तो कातरला गेला की ॲक्सल सरकतो आणि गाडी तिरकी चालते. दोन्ही बाजूंच्या पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर मोजले की हे लगेच कळते. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळू नयेत. गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच आवळावेत, नाहीतर रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटते. पॉलियुरेथेनच्या बुशला मात्र त्याचे खास ग्रीस लागते, नाहीतर ते कुरकुरते. ग्रीस निपल असलेल्या शॅकल पिनांत पाण्यातून गाडी काढल्यावर नवे ग्रीस भरावे.

पाट्यांवर जुने इंजिन ऑइल मारायची सवय आपल्याकडे अजून आहे. त्याने आवाज थांबतो आणि गंजही रोखला जातो. पण तेलावर धूळ बसून तिचा घासणारा लेप होतो, आणि रबरी बुश तेलाने फुगतात. चिखल आणि समुद्राची खारी वाळू पाट्यांच्या फटींतून पाण्याने धुऊन काढावी. टोकांचे प्लास्टिकचे तुकडे झिजले असतील तर बदलावेत, आणि वंगण लागलेच तर ग्रॅफाइटचे कोरडे वापरावे.

नवे पाटे बसल्यावर सपाट जागेवर, ठरलेल्या सामानासह, चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतची उंची चारही ठिकाणी मोजून लिहून ठेवावी. दर सहा महिन्यांनी तेच माप घेतले की पाटा बसू लागल्याचे आकड्यात दिसते. बसलेल्या पाट्यांना ठोकून पुन्हा कमान देणारे कारागीर गावोगावी आहेत. मालवाहू गाडीला त्यांचे काम काही काळ पुरतेही. पण पुन्हा उष्णताप्रक्रिया झाली नाही तर कमान टिकत नाही. पाट्यावर वेल्डिंग किंवा गॅसची ज्योत अजिबात नको, कारण तापलेल्या जागेचे पाणी उतरते आणि तडा तिथूनच सुरू होतो.

पाटा बहुधा सेंटर बोल्टच्या भोकापाशी किंवा यू-बोल्टच्या पट्टीच्या कडेला तुटतो. प्रत्येक लांबच्या फेरीनंतर या दोन जागा तारेच्या ब्रशने साफ करून उजेडात पाहाव्यात. खालचा आखूड पाटा तुटला तर सामान उतरवून हळूहळू गॅरेज गाठता येते. मुख्य पाटा तुटला तर ॲक्सल सुटण्याची भीती असते. म्हणून दुसरा पाटा मुख्य पाट्याच्या डोळ्याभोवती गुंडाळलेली जुडी दूरच्या वाटांसाठी घ्यावी. वरचा तुटला तरी ती ॲक्सल धरून ठेवते. बदलताना दोन्ही बाजूंच्या जुड्या एकदमच बदलाव्यात, कारण एक नवी आणि एक थकलेली जुडी असलेली गाडी एका बाजूला झुकते आणि ब्रेक लावताना तिकडेच ओढली जाते.