निळा की काळा?

मोबाईलमधलं ‘ब्लूटूथ’ आपण रोज वापरतो. ब्लूटूथ म्हणजे निळा दात. दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हॅराल्ड राजाचं हे टोपणनाव १९९७ मध्ये या तंत्रज्ञानासाठी सुचवलं गेलं. पण माणसाचा दात निळा कसा असेल? याचं उत्तर आइसलँडच्या भाषेत सापडतं. कारण त्या काळची उत्तरेकडची बोली आइसलँडच्या लोकांनी सर्वांत जास्त जपली आहे.

आइसलँडिकमध्ये निळ्याला ‘ब्लाउर’ म्हणतात. इंग्रजी ‘ब्लू’ हा त्याचाच भाऊबंद, फक्त तो फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत आला. आज ब्लाउर म्हणजे आभाळाचा निळा. पूर्वी मात्र या शब्दाचा पैस मोठा होता. गर्द निळ्यापासून थेट काळ्यापर्यंत. काळ्यासाठी ‘स्वार्तुर’ हा वेगळा शब्द होता, तरीही डोमकावळ्याचं पीस ब्लाउरच. हॅराल्डचा दात किडून काळवंडला असावा, असं मानतात ते यामुळेच.

या शब्दाला मरणाची छायाही आहे. तेराव्या शतकातला लेखक स्नोरी मृत्युलोकाच्या हेल देवीचं वर्णन करतो : अर्धी ब्लाउर, अर्धी कातडीच्या रंगाची. ‘सागा’ म्हणजे तिथल्या जुन्या गद्यकथा. त्यातल्या एका सागेत ह्राफ्नकेल नावाचा सरदार आपल्या मेंढपाळाला मारायला निघतो. तेव्हा त्याच्या अंगावर ब्लाउर कपडे आणि हाती कुऱ्हाड असते. कपड्यांचा रंग ऐकताच श्रोत्यांना पुढचं कळत असे. भाषांतरकाराने इथे नुसतं ‘निळे कपडे’ लिहिलं, तर वाचकाला निरभ्र आकाश दिसेल. खून दिसणार नाही.

आणि माणसांचं काय? आफ्रिकेला जुन्या आइसलँडिकमध्ये ‘ब्लाउर देश’ म्हणत आणि तिथल्या माणसाला ‘ब्लाउमाधुर’, म्हणजे ब्लाउर माणूस. पुढे सागांमध्ये हाच शब्द राक्षसी योद्ध्यांना चिकटला. रंग सांगणारा शब्द माणसाला भीतिदायक करून गेला. आज तो हिणवणारा मानला जातो.

रंगाचा शब्द नुसता रंग सांगत नाही. बोलणारा कुठली सीमा कुठे आखतो, तेही सांगतो. मार लागला की अंग ‘काळंनिळं’ पडलं, असं आपण सहज म्हणतो. त्या क्षणी ती सीमा आपणही पुसलेलीच असते.