उलटे घड्याळ आणि अधिकाराची सही

व्यवस्थापनशास्त्राच्या परिभाषेला आपल्याकडील कचेऱ्यांत आता चांगलीच प्रतिष्ठा लाभली आहे. मात्र त्या शास्त्रातील जे भिंतीवर टांगता येते तेवढेच आपण उचलतो. दिल्ली मेट्रोच्या बांधणीत ई. श्रीधरन यांनी कार्यालयांत उलटी घड्याळे लावली होती. मुदत संपण्यास किती दिवस उरले, हे ती दाखवीत. त्यांचे कौतुक पुष्कळ झाले. पण ती कार्यपद्धती मुरली होती ती त्याआधी, कोकण रेल्वेवर. आणि तिचा गाभा घड्याळात नव्हता.

रोहा ते मंगळूर हा सुमारे 760 किलोमीटरचा मार्ग. डोंगर फोडायचे, नद्या आणि खाड्या ओलांडायच्या. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा. या कामासाठी 1990 साली स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. केंद्राबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ ही राज्ये त्यात भागीदार झाली, आणि बराचसा पैसा कर्जरोख्यांतून उभा राहिला. व्याज रोज चढत असल्यामुळे विलंबाची किंमत प्रत्येकास आकड्यांत दिसत होती. मार्गाचे सुमारे शंभर-शंभर किलोमीटरचे सात विभाग पाडून प्रत्येकावर एक मुख्य अभियंता नेमला गेला आणि निर्णयाचा अधिकारही त्याच्याच हाती दिला गेला. कंत्राटदाराच्या बिलाचा मोठा भाग तात्काळ चुकता व्हायचा; तपशिलाची तपासणी मागाहून. ज्यांनी सरकारी बिलाच्या मागे वर्षवर्ष हेलपाटे घातले आहेत, त्यांना यातील क्रांती सांगावी लागणार नाही.

फाईल अडली की लोक कारकुनाच्या नावाने बोटे मोडतात. वस्तुतः शेरा मारून कागद वर पाठविण्यापलीकडे त्या बिचाऱ्याच्या हाती असते काय? एका कचेरीत कामाच्या प्रगतीचा रंगीत तक्ता मोठ्या हौसेने लावलेला आम्ही पाहिला आहे. तो भरण्याचे काम ज्याच्याकडे होते, त्याला साधी स्मरणपत्रेदेखील वरिष्ठांच्या सहीवाचून धाडता येत नसत!

वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाचा पाया 1988 साली घातला गेला. मूळ अंदाज 372 कोटींचा; 2016 पर्यंत तो 18 हजार कोटींच्या वर गेला, आणि कालव्यांची कामे तरीही उरलीच. धरणात गावे बुडतात, रेल्वेला जमिनीची पट्टी पुरते, हा भेद मान्य केलाच पाहिजे. तथापि भूसंपादन, पुनर्वसन, वनखात्याची संमती आणि कालव्याचे खोदकाम ही एकाच कामाची अंगे असताना त्यांचे अधिकार निरनिराळ्या टेबलांवर विखुरलेले असले, तर घड्याळ लावायचे कोणाच्या भिंतीवर?

कोकण रेल्वेदेखील वेळेवर पुरी झाली नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. पाच वर्षांचे काम सात वर्षांहून अधिक चालले. संपूर्ण मार्गावर गाडी धावली ती जानेवारी 1998 मध्ये. पेडण्याच्या बोगद्यात भुसभुशीत माती कोसळत राहिली. गोव्यात मार्गाच्या आखणीवरून लोकांचा रोष उसळला आणि 1993 साली तेथील काम थांबवून चौकशी आयोग नेमावा लागला. ज्यांच्या शेतांतून आणि खाजणांतून रूळ जायचे होते, त्यांना आपले म्हणणे मांडण्यासाठी लागलेला हा वेळ कोणत्याही तक्त्यात धरलेला नव्हता.