वॅटचा आकडा बाजूला ठेवून रिसीव्हर निवडताना

रिसीव्हरच्या खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेला आकडा वॅटचा असतो आणि निवड करताना तोच सगळ्यात कमी उपयोगी पडतो. दुकानदार तिथूनच सुरुवात करतो, कारण तो सांगायला सोपा. पण रिसीव्हर म्हणजे नुसता अँप्लिफायर नव्हे. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, गेमचं कन्सोल यांच्याकडून चित्र आणि आवाज घ्यायचा, तो आवाज उलगडून पाच-सात स्पीकरांसाठी वेगळा करायचा, आपल्या खोलीच्या मापाने बेतायचा आणि शेवटी स्पीकर हलवायला ताकद पुरवायची, एवढं सगळं त्या एका डब्यात होतं. सिनेमात वीज कडाडते तेव्हा तो आवाज या डब्यातून कसकसा जातो हे पाहिलं, की पैसे कुठे घालायचे आणि कुठे हात आखडता घ्यायचा हे कळायला लागतं.

पण त्याआधी खोली पाहायला हवी. रिसीव्हर किती चॅनलचा घ्यायचा हे खोली ठरवते. ५.१ म्हणजे समोर डावा, उजवा आणि मधला, बाजूला किंवा किंचित मागे दोन सराउंड, आणि एक सबवूफर. टपोऱ्या अक्षरातला तो ‘.१’ म्हणजे फक्त खर्जासाठी राखलेली वाट. १२० हर्ट्झच्या वरचं तिच्यात काही नसतं, म्हणून ती पूर्ण एक धरत नाहीत. ७.१ मध्ये पाठीमागे आणखी दोन स्पीकर येतात. ५.१.२ मधला शेवटचा आकडा डोक्यावरच्या स्पीकरांचा, म्हणजे डॉल्बी अ‍ॅटमॉसचा. अ‍ॅटमॉस २०१२ साली ‘ब्रेव्ह’ या चित्रपटातून थिएटरात आलं आणि २०१४ मध्ये घरच्या रिसीव्हरांत उतरलं.

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये सोफा बहुधा मागच्या भिंतीला टेकलेला असतो. तिथे ७.१ चे मागचे दोन स्पीकर लावायला जागाच नाही. भिंतीत कानाच्या मागे खुपसले तर त्यांचा काही उपयोग होत नाही. सात अँप्लिफायर असलेला रिसीव्हर ७.१ आणि ५.१.२ यांपैकी कशासाठीही वापरता येतो. अशा हॉलमध्ये माझं मत सरळ ५.१.२ ला. वरचे दोन स्पीकर फॉल्स सीलिंगमध्ये बसवता आले तर उत्तम. नाहीतर समोरच्या स्पीकरवर ठेवायचे, छताकडे तोंड केलेले स्पीकर मिळतात. ते आवाज छतावर आपटवून खाली आणतात, म्हणून छत सपाट, कठीण आणि फार उंच नसलेलं हवं. स्लॅबचं नऊ-दहा फुटी छत चालतं. कोकणातल्या कौलारू घरात मात्र त्यांचे पैसे वाया जातील. नऊ किंवा अकरा चॅनलचे रिसीव्हर चौफेर मोकळी, खास याच कामासाठी राखलेली खोली असेल तरच बघावेत. फर्निचरचं काम चालू असेल तर सराउंडच्या वायरी आत्ताच भिंतीतून घेऊन ठेवा; नंतर टाइल्सवरून पट्टी मारत नेलेली वायर घरातल्या कोणालाच आवडत नाही.

आता वीज कडाडते. आवाज रिसीव्हरमध्ये शिरतो तो एचडीएमआय केबलने. इथे दोन रस्ते आहेत. पहिला, सेट-टॉप बॉक्स किंवा ब्लू-रे प्लेअर थेट रिसीव्हरला जोडायचा आणि तिथून चित्र टीव्हीकडे न्यायचं. दुसरा, सगळं टीव्हीलाच जोडायचं आणि टीव्हीतला आवाज उलट्या दिशेने रिसीव्हरकडे आणायचा. या उलट्या वाटेला एआरसी म्हणतात. २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून ती आहे. हल्ली बहुतेक घरांत चित्रपट टीव्हीतल्याच ॲपवर बघितले जातात, त्यामुळे ही वाटच मुख्य झाली आहे. ॲपवरचं अ‍ॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लस या आवळलेल्या रूपात येतं आणि साध्या एआरसीतून ते नीट जातं. ब्लू-रे डिस्कवरचं न आवळलेल्या दर्जाचं ट्रूएचडी मात्र एआरसीत मावत नाही. त्याला ईएआरसी लागतं, जे एचडीएमआय २.१ बरोबर आलं. प्लेअर थेट रिसीव्हरला जोडला असेल तर त्यासाठी ईएआरसीची गरज नाही. तरी नवा रिसीव्हर घेताना ते असावंच, कारण ओठ आणि आवाज यांचा मेळही ते जास्त चांगला राखतं.

इथे एक अडचण वारंवार दिसते. सगळं जोडलं, स्पीकर लावले, आणि मागचे स्पीकर मुके. दोष रिसीव्हरचा नसतो. टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर असतं, आणि एआरसीतून पीसीएम दोनच चॅनलचं जातं. तिथे ‘पासथ्रू’ किंवा ‘ऑटो’ करायचं. जुनी ऑप्टिकल केबल वापरली तर ५.१ पर्यंत आवाज येईल, पण अ‍ॅटमॉस येणार नाही. काही टीव्ही डीटीएस प्रकारचा आवाज पुढे सोडतच नाहीत, तेव्हा पेनड्राइव्हवरचे चित्रपट बघणाऱ्यांनी ते आधी तपासावं.

एचडीएमआय २.१ च्या नावाने विक्रेते बरंच काही खपवतात. त्यातला ४के १२० फ्रेमचा भाग मुख्यतः नव्या गेमिंग कन्सोलच्या कामाचा. २०२० साली अशा पहिल्या खेपेच्या काही रिसीव्हरांत चिपचा दोष निघाला होता आणि काही कन्सोलचं १२० फ्रेमचं चित्र त्यांच्यातून जातच नव्हतं. त्यामुळे त्या काळातलं जुनं यंत्र स्वस्तात मिळालं तर हे विचारून घ्यावं. घरात कन्सोल नसेल तर या ओळीकडे बघूही नका. असेल, तर ते थेट टीव्हीला जोडून आवाज ईएआरसीने आणता येतो.

पुढचं ठिकाण उलगडण्याचं. अ‍ॅटमॉसमध्ये विजेचा कडकडाट अमुक स्पीकरचा म्हणून लिहिलेला नसतो. तो खोलीच्या अवकाशात कुठे आहे हे लिहिलेलं असतं. आपल्याकडे किती स्पीकर आहेत ते बघून कोणी किती वाजायचं हे रिसीव्हर त्या क्षणी ठरवतो. डॉल्बी आणि डीटीएसचे सगळे प्रकार आज बहुतेक रिसीव्हर उलगडतात, त्यामुळे खोक्यावरच्या त्या चिन्हांच्या रांगेने भारावून जाण्याचं कारण नाही. जुन्या मराठी चित्रपटांचा किंवा साध्या वाहिन्यांचा दोन चॅनलचा आवाजही तो पाच-सात स्पीकरांवर पसरवू शकतो. संवादासाठी ते बरं लागतं. गाण्यांना, विशेषतः जुन्या मोनो ध्वनिमुद्रणांना, मी ते बंद ठेवतो. नाट्यगीत डोक्यावरून ऐकू यायला लागलं की विचित्र वाटतं.

आता खरी गंमत. समोरचा स्पीकर सोफ्यापासून तीन मीटरवर आणि सराउंड एकच मीटरवर असतो. आवाज एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद घेतो, म्हणजे सराउंडचा आवाज सहा मिलिसेकंद आधी कानावर येईल आणि समोरच्याला झाकून टाकेल. म्हणून रिसीव्हर सराउंडला तेवढा थांबवून धरतो. हे सगळं मोजायला खोक्यात एक छोटा माइक मिळतो. तो सोफ्यावर कानाच्या उंचीला ठेवायचा, पंखा आणि एसी बंद करायचा, कुकर लावलेला असेल तर शिट्ट्या होऊ द्यायच्या, आणि मग सुरुवात करायची. प्रत्येक स्पीकर आळीपाळीने एक सूं-सूं आवाज करतो. रिसीव्हर त्यावरून अंतर, जोर आणि खोलीने कुठला सूर फुगवला किंवा गिळला ते ओळखतो. माइक चार-पाच जागी हलवायला सांगतात, ते टाळू नये.

पैसे घालायचे तर इथे. खोलीचा दोष सर्वांत जास्त खर्जात असतो. पंधरा फूट लांबीच्या हॉलमध्ये ३७ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज दोन भिंतींमध्ये अडकून घुमतो. कितीही महागडा सबवूफर आणला तरी तो घुमणारच. ही घुमणूक मोजून दाबण्याची क्षमता रिसीव्हरागणिक वेगळी असते. डेनॉन आणि मॅरँट्झमध्ये ऑडिसी असतं, आणि त्यातही साधं मल्टीईक्यू, एक्सटी आणि एक्सटी ३२ अशा चढत्या पायऱ्या आहेत. यामाहाचं स्वतःचं वायपीएओ. काही रिसीव्हरांत स्वीडनमधल्या उप्साला इथल्या डिरॅक कंपनीचं डिरॅक लाइव्ह मिळतं, काहींत त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. दोन रिसीव्हरांमध्ये अडकलात आणि एकात दोन चॅनल जास्त, दुसऱ्यात वरच्या पायरीचं खोली-सुधारणेचं तंत्र असेल, तर मी डोळे मिटून दुसरा घेईन. मात्र या तंत्रालाही मर्यादा आहे. गुळगुळीत टाइल्स, उघड्या भिंती आणि काचेचा मोठा सरकता दरवाजा असेल तर येणारा कर्कश प्रतिध्वनी कुठलंही सॉफ्टवेअर पुसून काढत नाही. जाड पडदा आणि सतरंजी त्याहून जास्त काम करतात. सबवूफरची जागा शोधायला एक जुनी युक्ती आहे: सबवूफर सोफ्यावर ठेवायचा, खर्जाचं काही लावायचं आणि आपण भिंतीकडेने रांगत जायचं. जिथे खर्ज सम आणि स्वच्छ ऐकू येईल तिथे मग सबवूफर ठेवायचा. घरचे हसतील, पण उपयोग होतो.

मोजमाप संपल्यावर एक गोष्ट हाताने तपासायची. उभे मोठे स्पीकर असतील तर रिसीव्हर त्यांना ‘लार्ज’ ठरवून सगळा खर्ज त्यांच्याकडेच पाठवतो. ते बदलून ‘स्मॉल’ करायचं आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ ठेवायचा. म्हणजे त्याखालचं सगळं सबवूफरकडे जातं. ८० चा हा आकडा सिनेमाच्या आवाजाचा दर्जा ठरवणाऱ्या टीएचएक्सच्या मापदंडातला. त्यामागचा अभियंता टॉमलिन्सन होलमन, ‘५.१’ ही संज्ञाही त्यानेच रूढ केली, आणि पुढे ऑडिसीच्या संस्थापकांतही तो होता. म्हणजे आज घरोघरच्या रिसीव्हरमध्ये त्याचा हात कुठे ना कुठे लागलेला आहे. संवाद ऐकू येत नाहीत आणि स्फोट मात्र कान फोडतात, ही तक्रार सर्रास असते. त्यावर मधल्या स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबल वाढवावी आणि रात्री आवाजाची चढ-उतार कमी करणारा मोड लावावा.

शेवटी वॅट. स्वस्त होम थिएटरवर ‘पीएमपीओ’ म्हणून हजारोंचे आकडे छापतात, त्यांना काही अर्थ नाही. नामांकित रिसीव्हरचा आकडाही नीट वाचावा लागतो. एकच यंत्र एका ठिकाणी ८० वॅटचं आणि दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ दुप्पट वॅटचं म्हणून दाखवता येतं. पहिलं मोजमाप ८ ओहमवर, दोन चॅनल चालू, २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत, विकृती ०.०८ टक्के, दुसरं ६ ओहमवर, एकच चॅनल, फक्त १ किलोहर्ट्झ, विकृती १० टक्के. तुलना करायची तर पहिल्या प्रकारचेच आकडे समोरासमोर ठेवा. आणि पन्नासचे शंभर वॅट केले तरी फरक फक्त तीन डेसिबलचा पडतो. आवाज दुप्पट वाटायला दहा डेसिबल, म्हणजे दसपट वॅट लागतात.

घरात किती लागतात? स्पीकरच्या कागदावर संवेदनशीलता लिहिलेली असते, समजा ८७ डेसिबल. म्हणजे एका वॅटला एका मीटरवर तेवढा आवाज. तीन मीटरवरच्या सोफ्यापर्यंत बंद खोलीत तो सुमारे ८० उरेल, आणि ८० म्हणजे भरपूर. नेहमीचा चित्रपट आपण एक-दोन वॅटवर बघत असतो. बाकीचे वॅट विजेच्या त्या एका कडकडाटासाठी, क्षणभर लागणारे. दहा वॅटला ९०, शंभरला १००, तोवर खालच्या मजल्यावरून फोन आलेला असतो. शिवाय ८० हर्ट्झखालचा सगळा भार सबवूफर स्वतःच्या अँप्लिफायरवर उचलतो. संवेदनशीलता ८४-८५ असलेले किंवा ४ ओहमचे स्पीकर घेणार असाल तरच रिसीव्हरच्या ताकदीचा विचार करावा, आणि त्याच्या मागच्या पट्टीवर किती ओहमपर्यंत चालेल हे लिहिलेलं वाचावं. पुढेमागे वेगळा अँप्लिफायर जोडायची इच्छा असेल तर प्री-आउटच्या जोडण्या आहेत का ते बघावं.

म्हणून बजेट ठरवताना रिसीव्हरला निम्म्याहून जास्त वाटा देऊ नये. मधला स्पीकर आणि सबवूफर यांवर केलेला खर्च जास्त ऐकू येतो. मागच्या वर्षीचं मॉडेल ईएआरसीसह मिळत असेल तर बिनदिक्कत घ्यावं. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून मागवायचा मोह होतो. तिथले रिसीव्हर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झवर चालतात. इथल्या २३० व्होल्टला थेट लावले तर जळतील, मोठा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला तरी इथे वॉरंटी मिळत नाही. जपानची ऑन्कियो २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि नाव दुसऱ्यांच्या हाती गेलं; तेव्हा ब्रँडपेक्षा आपल्या शहरात दुरुस्ती कोण करतं हे आधी विचारावं. वायर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत तांब्याची, १४ किंवा १६ गेजची, मीटरवर मिळते. चकचकीत डबीतल्या महागड्या वायरीने आवाज सुधारत नाही. आणि रिसीव्हर टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात ठेवू नका. तो तापतो, वर निदान सहा इंच मोकळी जागा आणि मागून हवा जायला वाट हवी, तेव्हा सुताराला कप्प्याचं माप देण्याआधी रिसीव्हरची उंची मोजून घ्या.