दुसऱ्याच्या रजेवर लागलेले गुरुजी आणि बाई

डी.एड., बी.एड. होऊन घरी बसलेली मुले-मुली आज आपल्या वस्त्यावस्त्यांत आहेत. एखाद्या शाळेतील बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या की त्यांच्या जागी काही महिन्यांसाठी यांना बोलावणे येते. कुठे तासिका तत्त्वावर तास मिळतात. आईबाप पेढे वाटतात. वाटावेत, पण ही खुर्ची दुसऱ्याची आहे, हे घरातल्या सर्वांनी आधीच समजून घेतलेले बरे.

तोंडी सांगण्यावर वर्गात उभे राहू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा 1977 चा कायदा आहे, 1981 ची नियमावली आहे. नेमणूक आदेशाचा नमुनाही तीत दिला आहे. पद कोणते, कुणाच्या रजेमुळे, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, पगार वा मानधन किती, हे आदेशात वाचून घ्यावे. मूळ प्रमाणपत्रे दाखवावीत, ठेवून येऊ नयेत. तारीख न घातलेल्या राजीनाम्यावर सही मागितली तर देऊ नये. मस्टरवर मात्र रोज सही करावी.

मूळ बाई रुजू झाल्या की आपली सेवा संपते, तिथे भांडण नाही. परंतु मुदत शिल्लक असताना काढून टाकले तर शाळा न्यायाधिकरणाकडे 30 दिवसांच्या आत अपील करता येते. संस्थाचालकाच्या बंगल्यावर खेटे घालण्यात हेच 30 दिवस निघून जातात.

“पैसे भरा, पुढे कायम करू” असे कुणी म्हणाले तर आईचे मंगळसूत्र मोडू नका. अल्पसंख्याक संस्था सोडल्या तर अनुदानित शाळांतील शिक्षकांच्या कायम जागा आता पवित्र पोर्टलवरून भरल्या जातात. हे पोर्टल 2017 मध्ये आले. त्यासाठी अभियोग्यता परीक्षा द्यावी लागते, आणि पहिली ते आठवीसाठी टीईटीही. तेव्हा संध्याकाळचा अभ्यास सोडू नये. मानधन उशिरा हाती पडते. दोन-तीन महिन्यांचे बसभाडे आधीच बाजूला काढून ठेवावे.

आता वर्गाविषयी. बाई रजेवर जाण्यापूर्वी गाठ पडली तर त्यांच्याकडून टाचणवही मागून घ्यावी आणि कोणता धडा कुठवर झाला ते विचारावे. गाठ नाही पडली तर दोन-तीन मुलांच्या वह्या चाळाव्यात, सारे कळते. बदलीवरचे बाई-गुरुजी म्हटले की मुले खोड्या काढणारच, नावेसुद्धा खोटी सांगतील! पहिल्या दोन दिवसांत नावे पाठ करावीत. नावाने हाक मारली की अर्धा वर्ग शांत होतो. छडीला हात लावू नये. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी आहे.

शिष्यवृत्तीचे अर्ज आले की काही वर्गांत “एससीची मुले उभी राहा” अशी हाक देतात. आपल्यापैकी कितीतरी जण असे उभे राहिलेले आहेत, माना खाली घालून. आपण शिक्षक असू तेव्हा हे होऊ देऊ नये. त्या मुलांना मधल्या सुट्टीत एकेकटे बोलवावे, कागद कोणते लागतात ते चिठ्ठीवर लिहून द्यावे. खिचडीच्या पंगतीत कोण कुठे बसते, पाणी कोण वाढते, तिकडेही नजर असावी. काही वावगे दिसले तर मुख्याध्यापकांना लेखी कळवावे आणि त्याची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी.

शिक्षकांच्या खोलीत आडनावावरून चौकशी सुरू होते. गाव कोणते, गावात घर कुठल्या बाजूला, असे प्रश्न फिरून फिरून येतात. “आम्ही बौद्ध” असे सरळ सांगावे आणि वह्या तपासायला घ्याव्यात.

मुदत संपते त्याच दिवशी अनुभवाचा दाखला मागावा. तो शाळेच्या छापील कागदावर असावा, त्यावर जावक क्रमांक, शिक्का आणि शिकवलेले विषय असावेत. महिनाभराने गेलात तर कारकून रजेवर असतो.