शहराचा कचरा आपल्या शेतात येतो तेव्हा

शहरातल्या कचऱ्याशी आपला काय संबंध, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. पण शहरात जे शिजते ते आपल्याच रानातून गेलेले असते. भाजीचे देठ, फळांच्या साली, उसाचे चिपाड यांच्या रूपाने आपल्या जमिनीचा कस रोज शहरात जाऊन पडतो. तो परत येतो का, आणि येताना सोबत काय घेऊन येतो, हे आपणच पाहिले पाहिजे.

हुबळी-धारवाडच्या आसपासचे शेतकरी एके काळी पालिकेच्या डेपोतील कुजलेल्या कचऱ्याचे खड्डे लिलावात घेत आणि गाड्या भरून शेतात नेत. कचऱ्यात राख, शेण आणि भाजीपाला एवढेच असे तोवर हा सौदा फायद्याचा होता. पुढे त्यात प्लास्टिक, काच, सुया येऊ लागल्या. वेचणावळ खताच्या किमतीला भारी पडू लागली, मजुरांचे हातपाय कापू लागले आणि पुष्कळांनी तो कचरा आणणे सोडून दिले. आम्ही त्यांना दोष देणार नाही. घरात एकाच बादलीत सारे टाकले की डेपोत ते वेगळे करणे जवळजवळ अशक्य होते.

या कामात इंदूरचे नाव दोनदा घ्यावे लागते. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड तेथील वनस्पती संशोधन संस्थेचे प्रमुख होते. त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९३१ साली शेतीतील टाकाऊ पदार्थांवर जे पुस्तक लिहिले, त्यातूनच कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर द्यायचे, ओल राखायची, तीन वेळा उलथापालथ करायची. सुमारे तीन महिन्यांत खत तयार. पालिकेच्या मोठ्या कारखान्यातही मूळ गोष्टी त्याच आहेत: योग्य मिश्रण, ओल आणि हवा. (हॉवर्डसाहेब आपल्या शेतकऱ्यांना गुरू मानत, हेही सांगायला हवे. वाडांचे नाव मात्र फारसे कोणी घेत नाही.)

दुसऱ्यांदा इंदूरचे नाव झाले ते आपल्या काळात. घरोघरी गाडी जाऊ लागली, ओला आणि सुका कचरा दारातच वेगळा घेतला जाऊ लागला, आणि २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर वर्षामागून वर्ष पहिले आले. देवगुराडियाच्या डेपोवर साचलेला लाखो टनांचा जुना डोंगर २०१८ मध्ये चाळून हटवण्यात आला. तेथेच १९ फेब्रुवारी २०२२ रोजी ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा कारखाना सुरू झाला. त्याची क्षमता रोज ५५० टनांची, म्हणजे सुमारे १७,००० किलो गॅस आणि १०० टन खत. कचऱ्याचा रबडा करून हवाबंद टाकीत कुजवतात. गोबरगॅस घरी असणाऱ्यांना हे नवीन वाटणार नाही.

सुक्या कचऱ्याचे काय होते? काच आणि लोखंड वितळवून पुन्हा पुन्हा वापरता येते. ॲल्युमिनियम तर खनिजापासून काढण्यापेक्षा जुने वितळवायला जवळपास ९५ टक्के ऊर्जा कमी लागते, म्हणून भंगारवाला त्याला भाव देतो. कागदाचा लगदा होतो. पण दर खेपेस त्याचे तंतू आखूड होत जातात आणि शेवटी तो पुठ्ठ्यात किंवा आपल्या कोंबड्यांच्या अंड्यांच्या ट्रेमध्ये येतो. पाण्याच्या बाटल्यांचे तुकडे करून, धुऊन त्यांचा पॉलिएस्टर धागा काढतात. दुधाच्या पिशव्यांचा दाणा होऊन त्यातून काळे पाइप, बादल्या निघतात. प्लास्टिक मात्र प्रत्येक वितळण्यात दर्जा गमावते. वेफर्सच्या चकचकीत पाकिटांत प्लास्टिक आणि धातूचे थर चिकटलेले असल्याने त्यांचे काही चांगले होत नाही. ती सिमेंटच्या भट्टीत जळणासाठी जातात.

आता आपल्या कामाचे. शहरी कंपोस्टमध्ये सरकारी खत नियंत्रण आदेशानुसार किमान ०.८ टक्के नत्र आणि १२ टक्के सेंद्रिय कर्ब हवा. म्हणजे ५० किलोच्या पोत्यात नत्र अवघे ४०० ग्रॅम. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ते २० किलोंहून जास्त असते. तेव्हा युरियाऐवजी कंपोस्ट, असा हिशेब कोणी विक्रेता मांडू लागला तर त्याला हे आकडे दाखवावेत. कंपोस्ट घ्यायचे ते जमीन भुसभुशीत राहावी, ओल टिकावी म्हणून. त्याच आदेशात किलोमागे शिसे १०० मिलिग्रॅम आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅम यांपेक्षा जास्त चालत नाही. कॅडमियम पालेभाजीत उतरते आणि खाणाऱ्याच्या मूत्रपिंडाला अपाय करते. म्हणून पोत्यावरचा मजकूर वाचावा, तपासणीचा दाखला मागावा, आणि सुटा, बिनचाळणीचा माल कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

कच्चे खत ओळखणे सोपे आहे. मूठभर ओले करून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दोन-तीन दिवस ठेवावे. उघडताच घाण वास आला तर ते अजून कुजायचे आहे. असे खत घातले तर ते कुजताना जमिनीतलेच नत्र ओढते आणि पीक पिवळे पडते. एका कुंडीत खतमिश्रित माती, दुसरीत नुसती माती घेऊन दोन्हींत मेथी पेरून पाहावी. आठवड्याभरात फरक दिसतो.

आपल्या बांधावरचे प्लास्टिकही विसरू नये. ठिबकच्या जुन्या नळ्या आणि खताच्या रिकाम्या गोण्या झटकून, कोरड्या करून भंगारात द्याव्यात, पेटवू नयेत. त्या धुराने दमा बळावतो, आणि त्यातले विष गुरांच्या चाऱ्यावर बसून दुधात येते. औषध फवारणीच्या बाटल्या मात्र घरच्या भंगारात मिसळू नयेत. तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे, बाटलीला भोके पाडावीत, आणि गोळा करणाऱ्याच्या हाती देईपर्यंत मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी वेगळी ठेवावी. पाणी, तेल किंवा रॉकेल भरायला ती घरात नेऊ नये.