तांबं, वाफ आणि उसाची मळी

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच बीड जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांवरून ट्रॅक्टर आणि ट्रक भरून निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेल्या नवरा-बायकोच्या जोडीला इथे ‘एक कोयता’ म्हणतात. अशी लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. त्यांनी तोडलेल्या उसाची साखर होते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. साखर निघाल्यावर उरणाऱ्या काळ्या, चिकट मळीचं पुढे काय होतं, ते मात्र फार थोड्यांना माहीत असतं. ही मळी पाणी घालून पातळ करतात, आंबवतात आणि ऊर्ध्वपातन करून तिच्यातलं अल्कोहोल वेगळं काढतात. २०२५ साली देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला. त्यात या कोयत्यांचाही वाटा आहे.

या ऊर्ध्वपातनाचं शास्त्र सोपं आहे. अल्कोहोल सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी १०० अंशांना. दोन्ही एकत्र तापवली की वर जाणाऱ्या वाफेत अल्कोहोलचं प्रमाण जास्त असतं. पण पाणीही सोबत येतंच. म्हणून ही वाफ उंच स्तंभातून वर नेतात. स्तंभात एकावर एक ताटल्या असतात, किंवा तांब्याची जाळी भरलेली असते. भात शिजताना झाकणाला लागलेली वाफ थेंब होऊन परत पातेल्यात पडते, तसंच इथे होतं. वाफ थोडी निवते, जड भाग खाली ओघळतो, हलका भाग वर सरकतो. प्रत्येक ताटलीवर जणू नव्याने ऊर्ध्वपातन होतं. आयर्लंडमध्ये अबकारी खात्यात नोकरी केलेल्या ईनियस कॉफी यांनी १८३० साली अखंड चालणाऱ्या अशा स्तंभाचं पेटंट घेतलं. तरीही नुसत्या उकळण्याने वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांच्या पुढे जाता येत नाही. त्या टप्प्यावर द्रव आणि वाफ यांतलं प्रमाण सारखंच होतं. पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी उरलेलं पाणी वेगळ्या पद्धतीने शोषून घ्यावं लागतं.

मग या भांड्यांना आणि जाळीला तांबंच का? एक तर ते स्टेनलेस स्टीलच्या वीस-पंचवीस पट सहज उष्णता वाहून नेतं. ठोकून हवा तो आकार देता येतो, हे पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या दाखवलं आहे. खरं कारण मात्र वासात आहे. आंबवण्याच्या क्रियेत गंधकयुक्त पदार्थ तयार होतात आणि त्यांना सडक्या अंड्यासारखी घाण येते. तांबं त्यांना धरून ठेवतं आणि त्याच्या अंगावर काळा थर बसतो. आंबट ताक ज्या तांब्यात कळकतं, त्याच तांब्याचा हा गुण आहे. त्या काळ्या थरामुळेच ते दर खेपेनंतर लख्ख घासावं लागतं.

तांब्याची घरगुती भट्टी कायदेशीर आणि नांदती पाहायची तर गोव्यात जावं. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला काजू तिथे मार्च ते मे या काळात पिकतो. बोंडं तुडवून रस काढतात. तो बाहेरचं यीस्ट न घालता दोन-तीन दिवसांत आंबतो. रस उकळायचं, पूर्वी मातीचं असलेलं ‘भाण’ आता तांब्याचं असतं. त्याच्या नळीतून वाफ ‘लवणी’ नावाच्या, अर्क गोळा करायच्या भांड्यात उतरते आणि लवणी गार राहावी म्हणून पाणी देत राहतात. पहिल्या धारेचा सौम्य हुर्राक मिळतो. तो पुन्हा गाळला की साधारण ४२ ते ४५ टक्क्यांची फेणी होते. तिचा जोर भट्टी चालवणारे ‘ग्राव’ या मापात मोजतात. काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पिढ्यांच्या कसबाला सरकारदरबारी मान मिळाल्याचं हे उत्तम उदाहरण आहे.

आपल्याकडे मात्र महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू आहे. परवान्याशिवाय दारू गाळणं आणि त्यासाठी भट्टी ठेवणं हा गुन्हा आहे. धोकाही मोठा आहे. अल्कोहोलची वाफ ठिणगीने पेट घेते आणि भांड्याच्या सांध्यांना दिलेल्या शिशाच्या डागातून शिसं अर्कात उतरतं. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं मेली, ती दारूच्या नावाखाली मेथॅनॉल विकल्यामुळे. जिभेला किंवा नाकाला त्याचा फरक कळत नाही.

पण हेच शास्त्र सुगंधी तेलासाठी वापरता येतं. गवती चहातलं सिट्रल २०० अंशांच्याही वर उकळतं. तरी पाण्याच्या वाफेबरोबर ते १०० अंशांच्या आतच निघून येतं. थंड झालं की तेल पाण्यावर तरंगतं आणि सहज वेगळं करता येतं. शंभर किलो हिरव्या पाल्यातून साधारण अर्धा किलो तेल निघतं. लखनौच्या सीमॅप या संस्थेने गवती चहाचे ‘कृष्णा’सारखे वाण विकसित केले आहेत आणि शेतावर चालणारी संयंत्रंही तयार केली आहेत. मोठ्या संयंत्रांत आता स्टेनलेस स्टील वापरतात. छोट्या प्रयोगाला तांबं चालतं. डाग मात्र बिनशिशाचा हवा आणि वाफेची वाट कधीही तुंबू देऊ नये. बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यात थंड करण्याचं पाणी हौदात फिरवून पुन्हा वापरणं हीच पहिली अट मानावी.

इथल्या बालाघाट डोंगराच्या उतारावर सुगंधी तेलाची अशी एखादी भट्टी लावायचा विचार असेल, तर आधी बाजार पाहा, खरेदीदार गाठा आणि मगच लागवड करा. तांब्याचं भांडं ठोकून देणारा कारागीर शोधायला अवघड नाही. तेलाला भाव देणारा ग्राहक आधी शोधावा लागतो.